दम्याचा रकाना

त्या हिवाळ्यात आम्ही कापेल या डच शहरात राहत होतो. अफगाणिस्तानात सैनिक पाठवायचे की नाहीत, यावर टीव्हीवर रोज वाद चालायचे आणि माझी सतरा वर्षांची मुलगी ब्रेडाच्या लष्करी अकादमीचा फॉर्म भरत होती. निवड समितीने शिफारस केली तरच प्रवेश. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे पुण्याहून आलेलं आमचं घर. हिची शिफारस कोण करतंय, असं म्हणून मी स्वतःला धीर द्यायचे.

एका रविवारी मी पोळ्या लाटत असताना ती फॉर्म घेऊन आली. एरवी डचमध्येच उत्तरं देणारी मुलगी त्या दिवशी मराठीत म्हणाली, "आई, मला कधी अस्थमा होता?"

होता. चौथ्या-पाचव्या वर्षी. पुण्यात दोन हिवाळे मी तिला छातीशी धरून काढले होते. मग तो गेला. इथल्या डॉक्टरकडे त्याची नोंदही नव्हती. 'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"होता," मी म्हणाले. "लिही."

खरं बोलल्याचं काडीचंही समाधान नव्हतं. जो आजार जावा म्हणून मी नवस बोलले होते, त्याच्याच आता पाया पडत होते. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या रकान्यात लिहिलं.

तपासणीला मी सोबत गेले. बंद दारातून डॉक्टरांचा आवाज येत होता: फुंक, अजून जोरात, अजून! नको जमू दे, नको जमू दे, असं मी पुटपुटत होते. तेवढ्यात ती खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी उठून दाराशी कधी पोचले कळलंच नाही. हात कडीवर होता आणि मला नेमकं काय हवंय, तेच समजत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "लंग्ज एकदम ओके."

परतताना मेट्रोत तिने विचारलं, "मी फेल व्हायला हवं होतं ना तुला?"

"हो."

"माहीत होतं." मग ती डचमध्ये म्हणाली, "भीती मलाही वाटते."

"मग कशाला जातेस गं?"

"माहीत नाही. पण जायचंय."

वसंतात पत्र आलं. शिफारस झाली होती. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिला ब्रेडाला सोडायला गेलो. फाटकाच्या आत मुलं रांगेत उभी होती. एका अधिकाऱ्याने यादीतून आमचं आडनाव वाचलं, अगदी चुकीचं. मी दुरुस्त करायला तोंड उघडणार, तोच ती ओरडली, "हजर!" तो आवाज मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. त्याचा हात बर्फासारखा गार पडला होता.