साहेबांच्या बिअरमधला गाळ

हा प्रताप चारचौघांत सांगायचा नाही, अशी बायकोची सक्त ताकीद आहे. तुम्ही तिघंच आहात, तेव्हा ऐका!

२०१४ची गोष्ट. मी सिंगापूरला आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. पुणेकराला आणखी काय हवं? टीम लीडची जागा रिकामी झाली होती आणि ती माझीच, हे माझं ठरलेलं होतं. ठरायचं होतं फक्त आमच्या मॅनेजरचं, टॅन साहेबांचं.

या साहेबांना घरी बिअर बनवायचा नाद. शनिवारी आमच्या सेरंगूनच्या कॉन्डोत, म्हणजे आम्ही राहायचो त्या सोसायटीत, टीमचं बार्बेक्यू होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी ते स्वतः बारा बाटल्या घेऊन आमच्या घरी आले. तारेच्या खटक्याची झाकणं असलेल्या. फ्रिजमध्ये उभ्या लावल्या आणि म्हणाले, "हलवू नकोस हां. तीन महिन्यांची मेहनत आहे."

ते गेले आणि मी एक बाटली उजेडात धरली. तळाशी गाळ!

"मेधा, बघ हे! एवढा मोठा मॅनेजर, आणि बाटल्या धुवायची अक्कल नाही. उद्या सगळ्यांसमोर शोभा होणार."

"अरे, मग फोन करून विचार ना त्यांना," बायको म्हणाली.

"काय विचारू? सर, तुमची बिअर घाण का आहे? मग टीम लीड कोण होणार, तू?"

अशा नाजूक प्रसंगी हुशार माणूस गुपचूप मदत करतो. मी चक्का बांधायचं फडकं पातेल्यावर ताणलं आणि बाराच्या बारा बाटल्या गाळल्या. फेस काय उसळला म्हणता! मला वाटलं, घाणच निघतेय. मग बाटल्या खसखसून धुतल्या, बिअर परत भरली, खटके लावले. तळ कसा लख्ख! मेधा नुसतं "देवा" म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून ऐटीत खटका उघडला. आवाजच नाही! दुसरी उघडली, तीही मुकी. ग्लासात फेसाचा टिपूस नाही. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"व्हाय लाइक दॅट? नो गॅस, लाह! आणि दह्यासारखी का लागतेय?"

बाराव्या बाटलीनंतर ते मटकन खाली बसले. "माझंच काहीतरी चुकलं. आता बनवणं बंद." त्यांचा तो चेहरा बघून मला खरंच भरून आलं.

"सर, मी गाळली. खाली घाण होती."

"घाण? ते यीस्ट आहे! तळाशी बसतंच. बिअर वरून हळूच ओतायची आणि गाळ बाटलीत ठेवायचा!" मग ते एकदम थांबले. "म्हणजे तुला वाटलं, बिअर खराब आहे?"

"हो, सर."

"आणि तरी ती तू माझ्या टीमला पाजणार होतास?"

मी चिमटा घेऊन कोळसे सारखे करायला लागलो.

"तू स्वतः पिणार होतास?"

"...नाही, सर."

अख्खी टीम खो खो हसली. मेधा सगळ्यांत मोठ्याने.

टीम लीडची जागा? ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मला मिळाली साहेबांच्या पुढच्या बिअरची एक बाटली. तिच्या गळ्यात चिठ्ठी होती: "आत गाळ आहे. कृपया मदत करू नये."