कुठून कुठं?

कुठलाही तक्ता समोर ठेवला की मोठ्या बाई आधी त्याच्या शेवटच्या रकान्यावर तळहात ठेवायच्या. बांगड्या मागं सारायच्या, हात आडवा करायच्या आणि ज्या आकड्यासाठी आपण तो तक्ता नेलेला असायचा, नेमका तोच झाकून टाकायच्या. मग विचारायच्या, “हं. कुठून कुठं?”

नवीन माणूस गोंधळायचा. मीही गोंधळलो होतो. मुरुमच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातली ती चार खोल्यांची प्राथमिक शाळा. मी रुजू होऊन आठवडाच झाला होता. माझ्या तिसरीच्या मुलांची पहिली चाचणी घेतली आणि तक्ता घेऊन बाईंपुढं उभा राहिलो.

“बाई, वर्ग बरा आहे.”

“कुठून बरा?”

“म्हणजे... मागच्या वर्षी ही मुलं कुठं होती ते मला माहीत नाही.”

“मग बरा हाय का वाईट हाय, ते तुम्हाला कसं कळलं?”

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. एखाद्याने खिशातून अनोळखी फळ काढावं आणि आपण ते वास घेऊन पाहावं, तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. गावात सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष त्यांच्याहून वयाने बरेच मोठे होते, तेही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. ज्या शिक्षकांनी मला इथवर आणलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्यांनीही मला दर वर्षी एकच विचारलं होतं, किती मिळाले. कुठून निघालास, असं विचारणारं माणूस मला नोकरी लागल्यावर भेटलं.

बाईंच्या टेबलावर एक लांबच लांब कागद घडी करून ठेवलेला असे. दर वर्षीच्या नोंदी वेगळ्या वहीत राहतात आणि मूल पुढच्या वर्गात गेलं की मागची वही कपाटात जाते, हे त्यांना पटत नसे. म्हणून त्यांनी वह्यांची पानं सोडवून एकमेकांना खळीने चिकटवली होती. एका मुलाला एक ओळ, पहिलीपासून चौथीपर्यंत. वाचनाच्या चार पायऱ्या: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीवर होतं ते त्या ओळीवर बोट सरकवत गेलं की दिसायचं. पालक चेष्टा करत, “बाई, पोराची पत्रिका काढली का?” बाई म्हणत, “लगीन न्हाय जमवायचं अजून. गडी पुढं सरकतोय का तेवढं बघतीय.”

त्या कागदात त्यांना काय काय सापडे! एका वर्षी दिवाळीनंतर चौथीतली सहा मुलं गणितात एकदम मागं आली. वर्गशिक्षक म्हणाले, पोरं टवाळ झालीत. बाईंनी ती सहा नावं वाचली, कोण कुठं बसतं ते विचारलं आणि दुपारी स्वतः त्या पोरांच्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसल्या. पाव तासाने आवाज आला, “इथून फळा दिसतोय का कुणाला? मला तर नुसता आरसा दिसतोय.” थंडीतलं उतरतं ऊन खिडकीतून थेट फळ्यावर येत होतं. गणिताचा तास दुपारचा. पोरं महिनाभर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत होती.

शाळेत पुढं काय सुधारायचं याचा आराखडा दर शाळेला लिहून द्यावा लागतो. त्या वर्षी आमच्या आराखड्याची पहिली ओळ होती, ‘चौथीचा फळा दुसऱ्या भिंतीवर लावणे.’ केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या शाळा ज्यांच्याकडे असतात ते साहेब, ते वाचून खूप हसले होते म्हणे.

बाईंचा अंदाज चुकायचाही. तिसरीची मुलं आठवडी बाजारामुळे मागं पडतात, असं त्यांनी एकदा मनात धरलं. मला महिनाभर बाजारच्या दिवसाची वेगळी हजेरी ठेवायला लावली. बाजाराच्या दिवशी उलट सगळी मुलं हजर! बाईंनी तो कागद दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “चुकलं माझं. बाजाराची माफी मागितली पाहिजे.”

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं.

माझ्या तिसरीत अकरा मुलं अशी होती की त्यांच्या घरात कानडीच बोलतात. जुलैत ही सगळी अक्षरावर होती. दिवाळीच्या आधी मी चाचणी घेतली तेव्हा अकराच्या अकरा परिच्छेदावर. केंद्राच्या बैठकीत साहेबांनी मला उभं केलं, टाळ्या वाजवल्या. मी बाहेर येऊन आईला फोन केला. तिला परिच्छेद म्हणजे काय ते कळलं नाही, पण टाळ्या कळल्या.

दुसऱ्या दिवशी तक्ता बाईंसमोर ठेवला. तळहात आडवा पडला.

“कुठून कुठं?”

“अक्षरावरून परिच्छेदावर, बाई.” मला हसू आवरत नव्हतं.

“आणि मधी शब्द?”

“शब्दावर... थांबली नाहीत. पटकन गेली पुढं.”

“अकराच्या अकरा?” बाईंनी चष्मा वर चढवला. “सर, उमरग्यात गाडीत बसलेला माणूस वाटेत नळदुर्ग न लागता तुळजापुरात कसा उतरतो हो?”

त्या उठल्या आणि वर्गात आल्या. त्या अकरांतली महादेवी नावाची मुलगी पहिल्या ओळीत होती. बाईंनी वाचनाचं कार्ड तिच्या हातात दिलं. गाईवरचा परिच्छेद. महादेवी खणखणीत सुरू झाली. दोन ओळी झाल्यावर बाईंनी अलगद ते कार्ड तिच्या हातातच उलटं केलं. आता तिच्यासमोर मागची कोरी बाजू होती. महादेवी वाचतच राहिली. पूर्णविरामालाही नीट थांबली.

वर्ग हसला नाही. वर्गाला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. माझे कान मात्र तापले.

“छान म्हणलीस गं,” बाई म्हणाल्या.

म्हणलीस. वाचलीस नव्हे. बाई मुरुमच्या असल्याने त्यांना कानडी येई. म्हणणं म्हणजे हेळु आणि वाचणं म्हणजे ओदु, एवढं त्यांनी मला त्या दिवशी व्हरांड्यात सांगितलं. माझ्याकडे कार्डांचा एकच संच होता. चार महिने मी तेच परिच्छेद वाचून घेत होतो. मुलांना वाटलं, सरांना हवं ते हेच. मोठ्याने, न अडखळता म्हणायचं. त्यांनी ते मन लावून केलं होतं. मी स्वतः निम्मी पदवी अशीच मिळवली होती, त्यामुळे मला त्यात वावगं दिसलं नसावं.

अडचण पुढं होती. आराखडा पाठवायला चार दिवस उरले होते. माझा तक्ता खरा धरला तर तिसरीला वाचनात काहीच कमी नव्हतं आणि ही अकरा मुलं पुढच्या वर्षी कोऱ्या कार्डासकट चौथीत गेली असती. तक्ता खाली आणला तर टाळ्या वाजवलेली शाळा महिन्याभरात घसरलेली दिसणार. तक्ता पुन्हा तपासतोय, असं बाईंनी कळवल्यावर साहेबांचा फोन आलाच. बाईंनी तो माझ्यासमोर घेतला. पलीकडून आवाज ऐकू येत होता, “बाई, चढलेला आकडा उतरवतं का कुणी? वर काय सांगू मी?”

“चढलाच न्हाय साहेब. आपणच खालून हात दिलाय,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी मला पेन्सिल दिली. “वर्ग तुमचा हाय. तुम्हीच लिहा. मी सही करते, काय लिहिलं तरी.”

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. दोन दिवस मी तो कागद दप्तरात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी एका कोऱ्या पानावर पाच सोप्या ओळी लिहिल्या, आमच्याच गावातल्या पाण्याच्या टाकीवर, आणि अकरा जणांना एकेक करून वाचायला दिल्या. दोघांना शब्द लागले. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. महादेवीने बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि गाईचा परिच्छेद म्हणायला सुरुवात केली. मी खोडरबर घेतलं.

समितीची बैठक झाली. अध्यक्षांना आराखड्यात शाळेची कमान हवी होती. “बाई, शेजारच्या गावात झाली बघा. सडकेवरून शाळा दिसतीय.”

“अध्यक्ष, कमानीवर नाव लिहिलं आन् पोरांना वाचताच न्हाय आलं तर?”

“न आलं म्हणून काय झालं? पाठ असतंय की त्यांना शाळेचं नाव!”

सगळे हसले. “तेच तर सांगतीय मी,” बाई म्हणाल्या, आणि मग उलट्या कार्डाची गोष्ट सांगितली. माझं नाव घेतलं नाही. ‘आमच्याकडून झालं’ म्हणाल्या.

कमान मागं राहिली. आराखड्यात पहिली ओळ आली: ‘तिसरी, अकरा मुलं, घरची भाषा कानडी. रोज पहिला तास दोन्ही भाषांत.’ त्या तासाला येशील का, असं बाई महादेवीच्या आईला विचारायला गेल्या.

“मला कुठं धड मराठी येतंय, बाई?” ती म्हणाली.

“म्हणून तर बोलवाय आले.”

ती रोज सकाळी यायची, पदर खोचून बसायची आणि कानडीत काहीही सांगायची. म्हैस कशी हरवली, सासूने काय म्हटलं. मुलं ते मराठीत सांगायची, मी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचो आणि मग मुलं ते वाचायची. रोज नवं. पाठ करायला सवड नाही. सुरुवातीला फार हाल झाले. मुलं अडखळायची आणि मला टाळ्या आठवायच्या. बाई दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “अडखळतायत न्हवं? मग वाचतायत.”

फेब्रुवारीच्या अखेरीला बाई निवृत्त झाल्या. तोवर अकरापैकी चौघं अजून शब्दावरच होती, आणि तक्त्यात मी ते तसंच लिहिलं होतं.

निरोपाच्या कार्यक्रमात एका मुलाने भाषण करायचं असतं. ते आठ दिवस आधी पाठ करून घेतात. मी त्या दिवशी सकाळी एक पान लिहिलं आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर, कुणाला न सांगता, महादेवीच्या हातात दिलं.

ती उभी राहिली. “आज... आपल्या... मोठ्या बाई...” पुढं गाडी अडली. मांडवात चुळबुळ झाली. अध्यक्ष पुढं वाकून शब्द सांगायला लागले, तोच बाईंनी हात वर केला. “सांगू नका तिला.”

“से... वा... नि... वृत्त... होत आहेत.” महादेवी थांबली. माझ्याकडे न बघता तिने बाईंकडे पाहिलं. “बाई, सेवानिवृत्त म्हंजे काय?”

लोक हसले.

“म्हंजे उद्यापासून मी शाळेत येत न्हाय,” बाई म्हणाल्या.

महादेवीने मान खाली घातली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि तो पुन्हा एकदा, ओठांतल्या ओठांत वाचला. मग कागदाची घडी घातली.

“तर मग पुढचं मी वाचत न्हाय,” ती म्हणाली आणि आईजवळ जाऊन बसली.

 बाईंनी हार बाजूला सारला, माझ्याकडे झुकल्या आणि म्हणाल्या, “सर, आजच्या तारखेनं तक्त्यात नोंद करा हिची.”