गरम बाजूची पॅकिंग

सुखदेव गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. अंगणातल्या नळावर तांब्या भरत होतो, तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले." तिनं काका म्हणावं असं मी त्या घरासाठी काय केलं होतं... तांब्या भरून वाहत होता.

सुखदेव आमच्या साखर कारखान्यात व्हॉल्व्ह फिटर होता, मी देखभालीचा इंजिनिअर. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतून वाफ निसटू नये म्हणून पॅकिंगच्या कड्या भरतात. जुनी पॅकिंग काढली की तो ती बोटांत चुरून बघायचा आणि मगच नवी कोणती घालायची ते सांगायचा. बॉयलरची वाफ कमी दाबानं रस आटवायला सोडणारा एक मोठा व्हॉल्व्ह होता. ग्राफाइटच्या पॅकिंगमध्ये त्याचा दांडा अडकत चालायचा. टेफलॉन गुळगुळीत, म्हणून एका हंगामाआधी मी टेफलॉन भरायला सांगितलं.

"साहेब, ही गरम बाजू हाय. टेफलॉन नरम पडंल."

"कॅटलॉग मी वाचतो, तू पाना धर," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

कॅटलॉग मी वाचला होता, पण तापमान धरलं ते व्हॉल्व्हच्या पुढचं, जिथं पाणी फवारून वाफ थंड केलेली असते. आत शिरणारी वाफ कितीतरी जास्त तापलेली होती. हंगाम सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि पॅकिंग नरम पडून बाहेर आली. वाफेचा झोत सुखदेवच्या डाव्या हातावर बसला. चौकशीत मी लिहून दिलं, की फिटरनं पॅकिंग दाबणारे नट एका बाजूला जास्त आवळले. जखम भरल्यावर त्याला व्हॉल्व्हवरून काढून ऊस टाकायच्या गव्हाणीवर पाठवलं. जाताना त्यानं एवढंच विचारलं, "साहेब, नट बराबर आवळले व्हते ना मी?" मी कागद चाळत राहिलो. तो गेला.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. हिंगोलीला बाजाराला आला, की तो माझ्या घरी डोकावायचा. चार वर्षांपूर्वी असाच आला असताना अंगणातला नळ आट्यांतून गळताना त्याला दिसला. "इंजिनिअरचं घर अन् नळ गळून राहिला, काहून?" दुकानातून टेफलॉनची पट्टी आणून त्यानं ती उजव्या हातानं गुंडाळली. डाव्या हाताची बोटं वळत नव्हती. "हितं टेफलॉन चालतं, साहेब. गार पाणी हाय."

त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेलो.

मागच्या आठवड्यात त्याच्या गावी, शिरड शहापूरला जाऊन त्याच्या बायकोला, कांताबाईंना, सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना ठावं व्हतं. मला कशाला सांगता? चार मान्सांत नाव गेलं त्यांचं, चार मान्सांत सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. सुखदेवनं नट बरोबर आवळले होते. पॅकिंग मी चुकीची निवडली होती, आणि खोटं मी लिहिलं होतं.

नळाच्या आट्यांत ती पांढरी पट्टी अजून दिसते. रोज सकाळी तांब्या भरून झाला, की मी नळ बंद करतो आणि थोडा वेळ त्याखाली हात धरून उभा राहतो. हात कोरडाच राहतो.