डबी परत करताना

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात, सॅम्पल आणि किस्से. सॅम्पलसाठी डीप फ्रीझर आहे. किस्से मात्र चहाच्या टेबलावर उघडेच पडलेले असतात, कोणीही यावं आणि ऐकावं!

लॅब म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलचा वरचा मजला. मी इथे फेलोशिपवर पीएचडी करते. विषय आतड्यातले जिवाणू. आणि सॅम्पल म्हणजे... शी! सकाळी डबीत घेतलेली. लाजायचं काय त्यात?

बाबा मात्र लाजतात. ते ओझरच्या कारखान्यात आहेत. कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारलं, "तुमची मुलगी नेमका कशावर रिसर्च करते हो?"

बाबा म्हणाले, "आधी जेवून घ्या. मग सांगतो."

*

फेलोशिप वेळेवर आली तर ती फेलोशिप कसली! एकदा कित्येक महिने अडकली. मी आणि माझा ज्युनिअर सागर, दोघेही चहा-बिस्किटांवर. आमच्या गाइड मॅडम पोटविकारतज्ज्ञ. त्यांना रिकामं पोट न सांगता कळतं. रोज भलामोठा डबा आणायच्या आणि म्हणायच्या, "मी डाएटवर आहे रे. संपवा तुम्ही."

पैसे जमा झाले त्या दिवशी सागर म्हणाला, "मॅडम, तुमच्या डाएटमुळे माझं वजन वाढलं!"

तो डबा मी घासूनपुसून परत दिला, तर आई केवढी भडकली! "रिकामा डबा परत देतात का गं? काय म्हणतील त्या?" दुसऱ्या दिवशी त्यातून बेसनाचे लाडू गेले. डाएटवरच्या मॅडमनी दोन लाडू उभ्याउभ्याच संपवले. खरं सांगते, त्या डब्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

*

यंदा माझी मुदत संपत आली. घोटीच्या पुढच्या एका गावातली सॅम्पल मिळाली तरच एक्स्टेन्शन, नाहीतर पीएचडी अर्धवट. कमिटीपुढे बोलायची तालीम मॅडमनी घेतली. सागर कमिटी झाला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "छान. पण चहा कुठाय?"

*

गावात डब्या वाटायला गेलो, तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि सरळ घरात पळाल्या. मला रडूच कोसळलं. तेवढ्यात यमुनामावशी पुढे आल्या. भातशेती करणारी, खणखणीत आवाजाची बाई. त्यांनी सगळ्यांना हाका मारून बाहेर काढलं.

"पोरगी एवढ्या लांबून आली, सोनं मागती का? जे टाकूनच देता, तेच मागती ना!"

झालं! डब्या हातोहात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या ओट्यावर भरलेल्या डब्यांची रांग. माझं एक्स्टेन्शनच ते! मी वाकून मावशींच्या पाया पडले. सागर मास्क घट्ट करून एकेक डबी बर्फाच्या पेटीत ठेवत होता. मावशींनी स्वतःची डबी शेवटी दिली. ती हलवली तर खुळखुळ वाजली. सागर घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

मावशी लाजल्या. "कालपासनं पोट साफच झालं नाय बघ. मग काय, रिकामी डबी माघारी देऊ? घरचा तांदूळ भरलाय, इंद्रायणी हाय. तो मास्क काढ की लेकरा, वास तरी घेऊन बघ!"