उमेदवाराचं घर

घर बदलताना आमच्याकडे भांडी फुटतात, बरण्या हरवतात. किस्से मात्र दर वेळी टेम्पोत आणखी चार चढतात. सगळे माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामांचे. मामा प्लॉट घेतात, विकतात आणि उरलेल्या वेळात निवडणुका हरतात. उंब्रजमध्ये त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, 'उमेदवार' म्हणतात. लग्नाला वर्षही झालं नाही, तरी ह्या भाड्याच्या घरात बसून सांगण्यासारखं बरंच जमलंय. ऐकणारे हसतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तेवढ्यात कपबशा उचलून आत जातात.

*

सांगलीला मला बघायला आले, तेव्हा मामांनी शिक्षण, नोकरी, स्वयंपाक काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "मतदार यादीत नाव कुठं हाय?"

"सांगलीत."

"बदलून घ्यावं लागंल."

माझे वडील हसले. त्यांना वाटलं, पाहुणे थट्टा करतायत. माझी हळद उतरायच्या आत मामा अर्ज घेऊन दारात!

*

आमचं निम्मं सामान पराभवातून आलंय. अपक्षाला जे चिन्ह मिळेल ती वस्तू मामा नवीकोरी आणतात आणि जीपवर बांधून गावभर फिरवतात. पडले की वस्तू घरी. शिलाई मशीन, छताचा पंखा, कपाट, सगळं असंच.

मामा एकदा कौतुकानं हे मला दाखवत होते. आत्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आवं, पुढच्या टायमाला फ्रीज मागून घ्या."

*

लोक घर बांधून झालं की चुलीवर दूध उतू घालतात. मामा नुसता प्लॉट घेतला की तीन विटा मांडून ते उरकतात. आत्यांनी असे किती माळ दुधानं भिजवले, राहायला एकावरही मिळालं नाही.

पाचगणीकडच्या उतारावर मीही गेले होते. वाऱ्यानं जाळ धरेना. आत्या पदराचा आडोसा करून फुंकत होत्या. मामा फोन खिशात घालत आले.

"ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक मिळालं."

आत्यांनी त्याच दुधाचा चहा केला. चांगला झाला होता.

*

कोयनानगरकडची जागा घेतली तेव्हा मामा खुशीत होते. "तिकडं जमीन हालती, म्हणून सस्तात मिळाली."

"हालू दे की," आत्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं मी हालतेच हाय."

*

हायवेच्या मागचा एक प्लॉट मात्र आत्यांच्या मनात भरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

मामा म्हणाले, "ह्या टायमाला पडलो, तर उभं ऱ्हाणं बंद. हितंच घर बांधू. निवडून आलो, तर मातर ह्यो इकायचा आन् जिल्हा परिषद लढवायची."

"शब्द?"

"शब्द."

मामा पडणार, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. आत्यांनी प्लॉटवर चुन्याची फक्की मारून स्वयंपाकघर आखलं. खिडकी कुठे, तेही मला दाखवलं.

तरी प्रचाराला त्या दारोदार हिंडल्या. हात जोडून, मनापासून. वाटेत मी हळूच विचारलं, "आत्या, खरंच मतं मागताय?"

"मग? माझा माणूस पाडा, असं कुणाच्या दारात म्हनू?"

गावात प्रत्येकाला वाटलं, हे काही निवडून येत नाहीत. एवढ्या वेळा पडलाय माणूस, आपलं एक मत देऊन टाकू. नेमका सगळ्यांनी हाच विचार केला, आणि मामा थोडक्यात निवडून आले.

शेजारच्या काकू धावत आल्या. "वैनी, तुमच्या तोंडाकडं बघून दिलं बरं का मत."

आत्यांनी त्यांचे हात धरले. "लय उपकार झालं."

मिरवणूक दारात आली. गुलालानं कुणाचं तोंड ओळखू येईना. पोरांनी मामांना खांद्यावरून उतरवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, इतक्या वर्षांचं. आत्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं, पाया पडल्या. मग दारात उभ्या राहून पोरांना म्हणाल्या, "भिंतीला हात लावू नका रं. घर भाड्याचं हाय."