वाघिणीवरचा आठ

परवा एवढा कॅमेरा घेऊन गेले आणि डबाच जागेवर नव्हता...

चिंचोळी एमआयडीसीत माझी नोकरी. रोज स्कूटीवरून जाताना रुळांच्या कडेला मालगाडीचा एक जुना डबा दिसायचा. बंद, लोखंडी, चाकं काढलेला, कुणीतरी सामान ठेवायला वापरत असावं. आमचे आप्पा अशा डब्याला वाघीण म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणते.

आप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात पेंटर होते. दुरुस्त झालेल्या वाघिणींवर नंबर टाकायचं काम. पत्र्याच्या स्टेन्सिलने टाकलेल्या आकड्यात मधेमधे फटी राहतात. बाकीचे त्या तशाच सोडायचे... आप्पा मात्र बारीक ब्रश घेऊन एकेक फट भरत बसायचे. साहेब ओरडायचे, सोबतचे हसायचे, पण ह्यांचं आपलं चालूच.

दोन वर्षांपूर्वी मी घरी या वाघिणीचं सांगितलं, तेव्हा आप्पांनी एकच विचारलं, "आकड्यात फट हाय का गं?"

रोज बघत होते, पण सांगता येईना. म्हटलं, फोटोच आणते. आप्पांच्या हातचं काम म्हणून दाखवायला आमच्या घरात काहीच नाही, एक फोटोसुद्धा नाही. त्यांच्याइतकीच मलाही उत्सुकता लागली.

आणि मग सुरू झाले माझे नखरे... एकदा समोर ट्रक उभा. एकदा ऊन डोक्यावर. एकदा सगळं जमून आलं, तर वाघिणीवर कुणाची तरी धुणी वाळत घातलेली. फ्रेम बिघडते म्हणून परत फिरले. मोबाइलवर दोन सेकंदांत काम झालं असतं, पण मला चांगल्या कॅमेऱ्याने, सकाळच्या उजेडात, नीटच काढायचा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

परवा रजा टाकून सकाळी सातला पोचले. जमिनीवर गंजाचा लांबट चौकोन तेवढा उरला होता.

शेजारी चहाची टपरी आहे. तिथल्या मावशी म्हणाल्या, "कापून नेला की ताई, गेल्या आठवड्यात." मला खरंच रडू आलं. चहा घेता घेता त्यांना सांगितलं, माझे वडील असल्या डब्यांवर नंबर टाकायचे म्हणून.

मावशींचा हात गाळणीवरच थांबला. "मी आकडे त्याच्यावरच शिकले की. शाळा न्हाई बगा मला. पोरीनं मोबाइल दिला, पण नंबर लावता यीना. मग धुणं वाळत घालायला गेलं की आकड्यांवरनं खडू फिरवायची." आणि स्वतःशीच हसल्या. "त्यातला आठ लई खोडीचा. फिरवत ऱ्हायचं नुसतं, थांबायचं कुटं तेच कळायचं न्हाई."

मी कप खाली ठेवला. मधे कुठे फट नव्हती ना, असं दोनदा विचारलं.

"फट कशाची? सलग हुता."

घरी येऊन आप्पांना सगळं एकही शब्द न गाळता सांगितलं. ते बराच वेळ मांडीवर बोटाने आठ काढत होते... मग म्हणाले, "माझाच." आणि थोड्या वेळाने, "त्या बाईंचा फोटो काढलास का गं?"

कॅमेरा सकाळपासून माझ्या गळ्यातच होता.

आज ऑफिसला जाताना थांबले आणि मोबाइलवरच काढला. भर उन्हात, मागे ट्रक, दोरीवर धुणी... असू दे. संध्याकाळी आप्पा तो फोटो मोठा करून मावशींचा उजवा हात बघत बसले होते. मावशी, तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.