पन्हाळा, इचलकरंजी आणि डिकीतली पेटी

पन्हाळ्याला दोन दिवसांत काय बघावं, असं अलीकडे बरेच जण विचारतात. सांगते. पण माझी पन्हाळ्याची सहल ऐंशीच्या दशकाच्या शेवटची आहे, आणि ती आठवली की अजून डोकं तडकतं. तेव्हा थोडं ऐकून घ्यावं लागेल.

जायचं ठरवलं मीच. कारण घरात एक पेटी आली होती. आमचे हे झोपेत घोरता घोरता एकदम गप्प व्हायचे. घसा मिटायचा, श्वास थांबायचा आणि मग दचकून परत सुरू व्हायचा. अमेरिकेतल्या धाकट्या भावजींनी यांना तिकडे नेऊन तपासलं आणि परत पाठवताना एक यंत्र दिलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येते, घसा उघडा राहतो. सोबत विजेचा दाब कमी करणारा विटेएवढा ठोकळा, कारण यंत्र तिकडच्या विजेचं. रोज लावायचं, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं. आणि ते लावणं सोडून हे बाकी सगळं करत होते. म्हटलं, चार दिवस हवापालट होईल, माणूस सुधारेल.

थंडीचे दिवस होते. आमची फियाट घेऊन सकाळी कोल्हापुरातून निघालो. शिवाजी पुलावरून पुढे केर्ली, मग वाघबीळ आणि वर चढण. जाणार असाल तर उजाडताच निघा, वाटेत उसाच्या गाड्या लागतात. तीन दरवाजा बघा, सज्जाकोठीवर वारा खा. खाली दरीत धुकं होतं. झुणका-भाकरी कुठेही बसून खा, सगळीकडे चांगली मिळते. अंधारबावीच्या पायऱ्या उतरताना यांना दम लागला, तरी म्हणाले, "काय न्हाय, जिनं उंच हायती."

संध्याकाळी लॉजवर मी पेटी आणायला डिकीकडे गेले, तर हे आडवे आले.

"इथं नगं. शेजारच्या खोलीत पावणं हायती. आवाज जातोय."

"घोरण्याचा जात नाही होय?"

"घोरतोय माणूस. ते काय हाय? दवाखाना वाटतोय. एक रात न्हाय लावलं म्हणून काय मरतोय काय?"

पेटी डिकीतच राहिली. सकाळी चहा घेऊन निघालो आणि घाट उतरताना गाडी चालवता चालवताच यांचा डोळा लागला. गाडी सरळ कडेच्या खडीवर, समोर उसाने भरलेली बैलगाडी. मी किंचाळून स्टेअरिंग ओढलं. गाडीवान खाली उतरून म्हणाला, "पावणं, झोपायचं आसंल तर घरात झोपा की!" आणि या माणसाने काय म्हणावं? "उन्हानं डोळं दिपलं." सूर्य अजून धुक्यातच होता.

शिरोली, हातकणंगले करत दुपारी इचलकरंजीला माझ्या नणंदेच्या घरी पोचलो. वाटभर मी यांना कोपरानं ढोसून जागं ठेवलं होतं. वन्संच्या घराला लागून यंत्रमागांचा कारखाना. खटखट अशी की ताटातला पांढरा रस्सा थरथरतो. माझ्या मनात आलं, इथे तरी आवाजाचं निमित्त चालायचं नाही. म्हणून जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मीच पेटी काढून लावून दाखवली. माग दुरुस्त करणारा त्यांचा जॉबर, दस्तगीर, कौतुकाने बघत होता. पेटी तिथेच ठेवून मी वन्संबरोबर बाजारात गेले.

परत येऊन पेटी चालू केली आणि नळीतून भपकन् तेलाचा वास आला. मागांच्या तेलाचा.

"ह्याला तेल कुणी घातलं?"

दस्तगीर हसत पुढे आला. "मी घातलं की वहिनी. कोरडंच फिरत हुतं बिचारं. आमच्यात नवं मशीन आलं की पयलं तेल. आता बघा, कसं लोण्यावानी चालतंय!"

त्याला काय बोलणार? तो मनापासून करून बसला होता. ती हवा छातीत जाते, आता यंत्र कामातून गेलं, म्हटल्यावर बिचाऱ्याचं तोंड उतरलं. मी यांच्याकडे वळले. हे समोरच्या बाकड्यावर पान लावत बसले होते.

"तुम्ही इथेच होता?"

"व्हय."

"तेल घालताना बघितलंत?"

"बघितलं की."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, सुटलो एकदाचा."

असं म्हणाले. वन्संसमोर, त्यांचे यजमान दाजी यांच्यासमोर. दुसऱ्या दिवशी गाडी दाजींच्या दारात सोडली आणि यांना ओढत एसटीत बसवलं. कोल्हापूर येईपर्यंत पेटी माझ्या मांडीवर होती आणि हे शेजारी खिडकीला डोकं टेकून घोरत होते.

घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी विचारलं, "खरं सांगा, काय अडतंय तुमचं?"

हे चपला काढता काढता थांबले. मग म्हणाले, "ते लावून पडलो की मढ्यागत दिसतोय मी. तू बघतीस. लाज वाटती."

"आणि न लावता कसे दिसता, ठाऊक आहे? श्वास थांबतो तेव्हा मी रोज मढंच बघते. नाकाशी हात धरून बसते. रोज मनात म्हणते, या खेपेला गेले. लग्नाला किती वर्षं झाली? त्यातली कितीक मी अशी बसून काढली, एकदा तरी विचारलंत?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. तोंडावरून कळलं.

त्यांनी स्वतः भावजींना ट्रंककॉल लावला. नवं यंत्र यायला उन्हाळा उजाडला. तोवर त्यांनी गाडीला हात लावला नाही, आणि मी हात नाकाशी धरतच राहिले. यंत्र आलं त्या दिवशी मास्क त्यांनी आपल्या हाताने बांधला. मला म्हणाले, "आता झोप तू."

मी झोपले नाही. श्वास कुठे अडकतोय का, ते ऐकत पडले. तो अडकला नाही. पहाटेपर्यंत एकदाही नाही. इतकं सोपं होतं, आणि या माणसाने त्यासाठी मला इतकं जागवलं. मी उशीत तोंड घालून रडले आणि त्या रडण्याचाही मला रागच आला.